पुरानंतरची विहीर

आमच्याकडं पुराची बातमी आधी यायची आणि पाणी मागून यायचं. नाशिकला गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. त्या मारुतीच्या अंगावर नाशिककर पुराचं माप घेतात. गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. एस.टी.चा कंडक्टर नाही तर मार्केटहून परतणारा गाडीवान ही बातमी घेऊन यायचा. 'मारुती कमरेएवढा बुडाला' असं ऐकलं की आमच्या गावातले लोक नदीकाठच्या गोठ्यातली जनावरं सोडायचे. 'गळ्याला लागलं' असं ऐकलं की बायका पोथ्या, दागिने आणि बियाणं उतरंडीतून काढून फडक्यात बांधायच्या.

दुसरं माप नारोशंकराच्या घंटेचं. गोदाकाठचं हे रामेश्वराचं देऊळ सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलं. त्याच्या तटावर नदीकडं तोंड करून एक मोठी घंटा टांगलेली आहे. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर, अशी जुनी बोली आहे. ही घंटा आपल्याकडं ओतलेली नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या. त्यातली ही एक. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

म्हणजे आमच्या गंगेचा पूर मोजणारी घंटा मूळची किरिस्तावांची. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी कळलं असतं तर आजीला सांगितलं असतं आणि तिचं तोंड पाहिलं असतं. कारण १९६९ च्या पुरानंतर आमच्या गावात जो घोळ झाला, तो वसईकडच्याच एका गोष्टीवरून झाला. आणि त्या घोळाची पहिली आरोळी मी ठोकली होती.

आमचं गाव निफाड तालुक्यात, चांदोरी-सायखेड्याच्या अंगाला, नदीकाठी. हा मुलूख पुराचाच. ब्रह्मगिरीवर पडलेलं पाणी नाशिक ओलांडून आमच्याकडं येतं, वाटेत दारणा मिळते, पुढं कादवा मिळते आणि तिथंच नांदूरमध्यमेश्वरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा. बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. पुढं पाणी तुंबलं की मागं फुगवटा येतो, आणि तो फुगवटा आमच्या वेशीत येऊन बसतो. १९६५ साली नाशिकच्या वर गंगापूरचं मातीचं धरण पुरं झालं. तेव्हा जाणती माणसं म्हणाली, आता गंगा मुठीत आली. चारच वर्षांनी, १९६९ च्या सप्टेंबरात, गंगेनं मूठ उघडून दाखवली.

मी तेव्हा चौथीत होतो. रात्री पाण्याचा आवाज आला. आवाज म्हणजे खळखळ नव्हे. लांबून बैलगाड्यांची रांग यावी तसा घरघराट. नानांनी मला खांद्यावर घेतलं आणि आजीला हाताला धरून मारुतीच्या देवळाच्या उंचवट्यावर नेलं. सकाळी उजाडलं तेव्हा खालच्या आळीत नुसती धाब्यांची टोकं दिसत होती. दुपारपर्यंत तीही दिसेनात, कारण पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात साखरेसारख्या विरघळल्या. नदीला सगळ्यात जवळ महारवाडा होता. तिथं एकही घर उभं राहिलं नाही. गावात तेव्हा महारवाडाच म्हणत. तिथल्या लोकांनी १९५६ नंतर बौद्ध धर्म घेतला होता, पण गावाच्या तोंडातला शब्द बदलला नव्हता.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. मागं राहिला तो गाळ आणि वास. पेवातली बाजरी भिजून आंबली होती. पेवाचं तोंड उघडलं की डोळ्याला पाणी यायचं. कांद्याची रोपं गाळाखाली गेली होती. बाभळीच्या काट्यांत मेलेल्या शेळ्या अडकल्या होत्या. लोकांना पहिली चिंता धान्याची आणि दुसरी छपराची. पाण्याची चिंता कुणालाच नव्हती. चहूकडं पाणीच तर होतं.

चौथ्या दिवशी एक जीप आली. नाशिककडून आलेली मिशनची माणसं होती. एक गोरी बाई, पांढरी सुती साडी नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट. दोन आपल्याकडच्या नर्स आणि एक ड्रायव्हर. जीपमध्ये दूध पावडरीचे डबे, चादरी, औषधाची पेटी आणि पावाच्या लाद्या. आमच्या घरात पाव माणूस आजारी पडल्यावरच यायचा, म्हणून आम्ही पोरं जीपभोवती गोळा झालो. पण जीप आमच्याकडं थांबली नाही. चिखलातून रस्ता सापडेल तशी थेट महारवाड्याच्या उकिरड्याकडं गेली, जिथं ती माणसं फाटक्या ताडपत्रीखाली बसली होती. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या मोठ्या माणसांना हे पहिल्यांदा लागलं. "गाव इकडं हाये, आन् ही कुढं चालली?" असं कुणीतरी म्हणालं.

दोन नर्सांपैकी थोरली होती ती नगर जिल्ह्यातली, पन्नाशीची, कपाळ मोठं, बोलणं आपल्यासारखंच. तिनं महारवाड्यात आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" त्यांची विहीर नदीला लागून होती. ती गाळानं भरली होती आणि तिच्यात एक वासरू मरून पडलं होतं. म्हणून ती माणसं नदीकाठच्या झिऱ्यातलं पाणी पीत होती. दोन पोरांना हगवण लागली होती. त्यातला एक माझ्या वर्गातल्या मुलाचा धाकटा भाऊ.

बाई तिथून चालत वर आली, आमच्या आळीतल्या विहिरीवर. ती विहीर उंचावर, बांधीव, पुराचं पाणी कठड्यावरून थोडंसंच आत गेलेलं. तिनं बादली सोडून पाणी काढलं, वास घेतला, आणि पेटीतून कागदाची पुडी काढली. पुडीत जांभळट-काळे खडे होते. एक खडा तिनं बादलीत टाकला तर पाणी लालगुलाबी झालं.

मी हे कठड्याआडून पाहिलं आणि पळालो. आजीनं मला वसईची गोष्ट कितीदा तरी सांगितली होती. फिरंग्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी सगळं गाव ते पाणी प्यालं आणि गावाचं गाव बाटलं. ही गोष्ट कोकणातून घाटावर कशी आली कोण जाणे, पण त्या काळात सगळ्या आज्यांना ती ठाऊक होती. जीपमध्ये पाव मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. विहिरीवर बाई काहीतरी टाकते हेही पाहिलं होतं. मी आळीतून ओरडत गेलो, "विहिरीत पाव टाकला! विहिरीत पाव टाकला!"

घटकाभरात विहिरीवर माणसं जमली. काहींच्या हातात काठ्या होत्या. पेटी कुणीतरी लाथेनं उडवली, बाटल्या चिखलात पडल्या. धाकटी नर्स रडायला लागली. थोरली मात्र कठड्याला पाठ लावून उभी राहिली. तिनं बादलीतलं लाल पाणी ओंजळीनं सगळ्यांना दाखवलं. ती म्हणाली, "हे औषध आहे. पुरानंतर पटकी येते. विहिरीत औषध टाका, आणि खालच्या वाड्यातल्या लोकांना आठ-पंधरा दिवस इथलं पाणी भरू द्या. त्यांची विहीर साफ होईपर्यंत."

तिनं दुसरं वाक्य बोललं नसतं तर कदाचित पहिलं तेव्हाच मानलं गेलं असतं. ते वाक्य ऐकल्यावर गलका वाढला. पण गलक्यात जो तो पावाबद्दलच बोलत होता. बाटवायला आल्या, धर्म बुडवायला आल्या. खालच्या वाड्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मिशनची माणसं त्या दिवशी परत खाली गेली. औषध पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वर्गातल्या मुलाचा भाऊ गेला. आमच्या आळीतही त्याच दिवशी तिघांना जुलाब सुरू झाले. त्यात माझी चुलत बहीण होती.

तेव्हा आमचे बाबा, म्हणजे माझे आजोबा, उठले. ते माळकरी, फार बोलत नसत. खाली जाऊन थोरल्या नर्सला घेऊन आले. विहिरीवर परत माणसं जमली. बाई बाबांना म्हणाली, "मी टाकणार नाही. पुडी तुमच्या हातात घ्या. पाणी फिकट गुलाबी होईपर्यंत टाका, जास्त नको. तासभर कुणी पाणी काढू नका. तुमच्या हातानं टाका म्हणजे संशयाला जागा नको." बाबांनी टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि पुडी हळूहळू विहिरीत सोडली. तासाभरानं पहिला तांब्या त्यांनीच घेतला. आजी पाहत होती. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळपर्यंत पाणी प्याली नाही. संध्याकाळी प्याली. तहानेपुढं गोष्ट किती वेळ टिकणार?

खालच्या वाड्याचं मात्र बाबांनाही पुरतं जमलं नाही. ठरलं असं, की त्यांनी कठड्याला हात लावायचा नाही. आमच्यातला एक माणूस पोहरा ओढेल आणि त्यांच्या घागरीत वरून ओतेल. थोरल्या नर्सला ते पटलं नसावं. ती बराच वेळ कठड्याकडं पाहत उभी होती. मग म्हणाली, "बरं. ओता. पण दिवसातून दोनदा, आणि पोटभर." तीन आठवडे ते पाणी नाना ओतत होते. माझ्या वर्गातला तो मुलगा आईबरोबर घागर घेऊन यायचा. आमच्याकडं बघायचा नाही. मीही बघत नव्हतो.

त्या तीन आठवड्यांत मिशनच्या माणसांनी सगळ्यांना पटकीची सुई टोचली. वर-खाली न पाहता ओळीनं. नाशिकहून दहा-बारा पोरं आणली. खालच्या विहिरीत दोर लावून उतरली, घमेल्यांनी गाळ वर काढला. गावातली पाच-सहा तरणी पोरंही मग लाजून त्यात गेली. विहीर साफ झाली, पाणी पाझरलं, औषध पडलं. मग आमच्या विहिरीवरचं ओतणं बंद झालं आणि सगळं पहिल्यासारखं झालं. हे 'पहिल्यासारखं' मी चांगल्या अर्थानं लिहीत नाही.

जाताना थोरल्या बाईनं बाबांना एक लहान पुस्तक दिलं. लूकचं शुभवर्तमान. बाबांनी ते कपाळाला लावून तुळईवर ठेवलं. घरात ज्ञानेश्वरी, हरिपाठ आणि ते, एवढीच पुस्तकं. त्याची अक्षरं मोठी होती म्हणून मी ते वाचत असे. गावात त्यानं कुणी किरिस्ताव झालं नाही. त्यांनी ते पुस्तक दिलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. दिलं. त्यांना त्यांचा धर्म सांगायचा होताच. पण औषध आधी होतं आणि पुस्तक जाताना होतं, एवढं मला आठवतं.

पुढं मी मोठा झालो. द्राक्षाच्या, कांद्याच्या कामाला नाशिकला जाणं वाढलं, तेव्हा सार्वजनिक वाचनालयात बसायची सवय लागली. ते वाचनालय १८४० सालचं. तिथं मला कळलं की नाशिकला मिशन फार जुनं. चर्च मिशनरी सोसायटीची माणसं १८३२ सालीच तिथं आली होती. पेशवाई जाऊन जेमतेम चौदा वर्षं झालेली, आणि नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र. त्यांना तिथं कुणी जवळ केलं नाही. पुढं विल्यम प्राईस नावाच्या पाद्र्यानं १८५० नंतरच्या वर्षांत गावाबाहेर एक वस्ती उभी केली. धर्म बदलल्यावर घरच्यांनी टाकलेली माणसं आणि अनाथ पोरं यांच्यासाठी. शेती, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचं आणि पोटाला लावायचं. तिचं नाव ठेवलं शरणपूर. आज शरणपूर रोडवर दुकानांची गर्दी आहे. तिथून जाणाऱ्या कितीजणांच्या मनात त्या नावाचा अर्थ येतो?

त्याच शरणपुरात आफ्रिकेतली पोरं राहिली होती, हे वाचून मी खुर्चीवर सरळ झालो. अरबांच्या गलबतांतून गुलाम म्हणून चाललेली पोरं इंग्रजांच्या आरमारानं समुद्रात सोडवली, मुंबईला उतरवली आणि त्यातली काही नाशिकला पाठवली. १८६६ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्यानं यातले नऊ तरुण बरोबर नेले. मागाहून आणखी काही गेले. त्यात जेकब वेनराईट होता. लिव्हिंगस्टन १८७३ च्या मे महिन्यात आफ्रिकेच्या आत कुठल्या कुठं मेला. चुमा आणि सुसी या त्याच्या सोबत्यांनी, जेकबनं आणि इतरांनी त्याचं प्रेत शेकडो कोस चालत समुद्रापर्यंत आणलं. १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याला पुरलं तेव्हा खांदेकऱ्यांत हा जेकब होता. आपल्या नाशिकला शिकलेला पोरगा. पुढं प्राईसही आफ्रिकेत मोंबासाला गेला आणि सुटलेल्या गुलामांची तशीच वस्ती तिथं वसवली.

ज्यांना कुणी पाणी पाजत नव्हतं त्यांना शरण देण्याची ही नाशिकची जुनी रीत. ती आम्ही सांगत नाही. आम्ही कुंभमेळा सांगतो. तोही सांगावा. पण त्याच गोदेच्या काठी, २ मार्च १९३० ला, बाबासाहेब आंबेडकरांनी काळारामाच्या मंदिरात जाण्यासाठी सत्याग्रह सुरू केला आणि दार उघडलं नाही, हेही सांगावं लागतं. त्याच्या तीन वर्षं आधी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर सनातन्यांनी ते तळं पंचगव्यानं 'शुद्ध' केलं होतं. पाण्यात काहीतरी टाकलं आणि लोक बाटले, असं आम्ही वसईच्या फिरंग्यांबद्दल सांगत होतो. माणसाचा हात लागला म्हणून पाण्यात गोमूत्र टाकणारे आम्हीच होतो.

हे समजल्यावर १९६९ चा तो गलका मला नव्यानं ऐकू आला. पावाची भीती आजीच्या मनात खरी होती. माझ्याही. पण काठ्या घेऊन आलेल्यांच्या मनात ती तेवढी खरी नव्हती. त्यांना अडचण होती ती खालच्या वाड्यातल्या घागरीची. ती उघड बोलणं कायद्यानं अवघड झालं होतं. अस्पृश्यता घटनेनं बंद केली होती, १९५५ साली गुन्हाही ठरवली होती. मग एका चौथीतल्या पोरानं पावाची आरोळी ठोकली आणि सगळ्यांना आडोसा मिळाला. धर्म बुडतो म्हणायला सोपं जातं. पाणी देणार नाही म्हणायला जड जातं.

मिशनच्या कामाला दोष देणारे पुष्कळ आहेत. त्यांची काही बाजू खरीही आहे. मदतीच्या आडून धर्म वाढवला, असं ठिकठिकाणी झालं असेल. शरणपूर वसलं त्यातही धर्माचा हेतू होताच. मी एवढंच म्हणतो, की त्यांना जागा आम्ही करून दिली. शेजाऱ्याच्या घागरीत पाणी ओतायला शेजारी असता तर नाशिकहून जीप कशाला यावी लागली असती?

त्यानंतर पूर किती आले. २००८ च्या सप्टेंबरात आला, २०१६ च्या २ ऑगस्टला आला, २०१९ च्या ४ ऑगस्टला आला. दर वेळी दुतोंड्या मारुती बुडाला आणि दर वेळी चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं. आता बातमी मोबाईलवर येते, धरणातून किती क्युसेक सोडलं ते आधी कळतं. विहिरीऐवजी नळ आहेत. त्या जुन्या विहिरीवर आता कुणी कुणाला अडवत नाही. पण कुणी पाणीही भरत नाही. म्हणून हा मोठेपणा कितपत धरायचा, ते मी सोडून देतो.

२०१९ ला आमचं पाणी लवकर उतरलं, पण सांगली-कोल्हापूरकडं ते हटता हटेना. आमच्या गावातून एक टेम्पो निघाला. कांदे, भाकरी, चादरी आणि टी.सी.एल. पावडरीच्या दोन गोण्या. टी.सी.एल. घ्या असा हट्ट माझा होता. पोरं म्हणाली, काका, लोक जेवायला मागतील, पावडर कोण घेणार? टेम्पोत माझ्याशेजारी बसला होता तो माझ्या वर्गातला मुलगा. तोही आता सत्तरीकडं झुकलेला. त्याच्या भावाबद्दल आम्ही पन्नास वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही. पण एक गोणी त्यानं स्वतःच्या पायाशी ठेवली होती, भिजू नये म्हणून.

शिरोळ तालुक्यातल्या एका वाडीवर आम्हाला विहीर दाखवली. कठड्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी आमच्याकडं, मग गोणीकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमी कुणाचं? कुठल्या पक्षाचं? काय टाकताय हे?"

मी हजार लिटरला अडीच ग्रॅमचा हिशोब सांगायला लागलो. माझ्या मित्रानं मला थांबवलं. त्यानं पावडर बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं आणि ती बादली म्हाताऱ्यांपुढं ठेवली.

"आण्णा," तो म्हणाला, "तुमच्या हातानं टाका."